फिरत्या भोंग्याच्या स्पीकरमधली टकटक, घरघर आणि थरथर

ऑर्गनवर कुणाचाही हात नाही, आवाज पूर्ण खाली, तरी पेटीतून ठरावीक अंतराने 'टक्' ऐकू येतं. किंवा संथ गतीत सगळं शांत असतं आणि वेग वाढवला की अख्खी पेटी थरथरायला लागते. लेस्ली पद्धतीचा स्पीकर ज्याच्याकडे आहे त्याला यातलं एखादं दुखणं कधी ना कधी भेटतंच. अशा वेळी हात आपोआप तेलाच्या कुपीकडे किंवा स्क्रूड्रायव्हरकडे जातो. तिथेच थोडं थांबा, कारण इथे दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला असं फार पटकन होतं. फिरणारी प्रत्येक वस्तू आपल्या फेऱ्यांच्या हिशेबानेच आवाज करते. त्या फेऱ्या मोजल्या की दोष कुठे आहे ते पेटी न उघडताही बऱ्याचदा कळतं.

आत काय काय फिरतं

डोनाल्ड लेस्ली यांचे हे स्पीकर १९४१ च्या सुमारास बाजारात आले, १९३५ मध्ये आलेल्या हॅमंड ऑर्गनला साथ देण्यासाठी. मूळ कल्पना आजही तीच आहे. साधारण ८०० हर्ट्झच्या वरचे सूर एका ड्रायव्हरमधून, म्हणजे उंच सूर काढणाऱ्या लहान स्पीकरमधून, वर फिरणाऱ्या भोंग्यात जातात. त्याखालचे सूर १५ इंची स्पीकरमधून खाली, फिरणाऱ्या ड्रममध्ये उतरतात. भोंग्याला तोंडं दोन दिसतात, पण आवाज एकातूनच येतो. दुसरं तोंड नुसतं समतोलासाठी असतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, थरथरीचा विचार करताना ती लागणार आहे.

दोन वेगांच्या मॉडेलांमध्ये भोंग्यासाठी एक आणि ड्रमसाठी एक अशा मोटरांच्या दोन जोड्या असतात. प्रत्येक जोडीत एक जलद मोटर आणि एक संथ मोटर. मोटरच्या पुलीवरून जाणारा पट्टा भोंगा किंवा ड्रम फिरवतो. भोंगा आणि ड्रम एकमेकांच्या उलट दिशेने फिरतात. जलद गतीत भोंगा मिनिटाला ४०० च्या आसपास फेऱ्या घेतो, ड्रम ३४० च्या आसपास. संथ गतीत भोंगा साधारण ५० आणि ड्रम ४०. मॉडेल, पुलीचा टप्पा आणि विजेची वारंवारता यांप्रमाणे हे आकडे पुढेमागे होतात, म्हणून आपल्या स्पीकरच्या फेऱ्या आपणच मोजायच्या.

हात घालण्याआधी

वीज तोडायची म्हणजे प्लग भिंतीतून काढायचा, नुसता स्विच बंद करून भागत नाही. काही मॉडेलांना वीज ऑर्गनकडून येणाऱ्या जाड केबलमधूनच मिळते. तिथे आधी ऑर्गनचा प्लग काढा आणि मग ती केबल सोडवा. व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) अँप्लिफायरमध्ये काहीशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये भार शिल्लक राहू शकतो. या लेखातल्या कुठल्याही कामासाठी अँप्लिफायरच्या चासीखाली (धातूच्या सांगाड्याखाली) हात घालावा लागत नाही, तेव्हा घालू नका.

चाचणीपुरता मागचा पत्रा किंवा फळी उघडी ठेवून स्पीकर चालवावा लागेल. तेव्हा ओढणी, मोकळे केस, सैल बाह्या आणि लहान मुलं यांना लांब ठेवा. भोंगा दिसायला हलका असला तरी सेकंदाला सहा-सात वेळा फिरणारं त्याचं टोक बोटावर बसलं तर चांगलंच लागतं, आणि जुनं प्लास्टिक ठिसूळ असल्याने भोंगाही तडकतो.

पहिली पायरी: आवाज कोणत्या जातीचा?

ऑर्गन चालू करा, पण काही वाजवू नका. खोली शांत असू द्या.

न वाजवता आवाज येतोय आणि तो तालात आहे, म्हणजे टकटक, खर्र-खर्र, थड-थड अशा जातीचा, तर दोष फिरणाऱ्या भागात आहे. आवाज अखंड गुणगुणीसारखा असेल आणि दोन्ही वेगांत तसाच राहत असेल तर तो मोटरांचा किंवा अँप्लिफायरचा आहे. यातला फरक कानानेच कळतो. अँप्लिफायरची गुणगुण स्पीकरच्या कागदातून येते आणि ड्रमबरोबर घुमते, मोटरची गुणगुण मोटरपाशीच राहते. अँप्लिफायरची असेल तर बहुतेकदा जुने झालेले फिल्टर कपॅसिटर किंवा अर्थिंगची भानगड असते. ते काम जाणकार तंत्रज्ञाचं.

वाजवल्यावरच आवाज येतो आणि तोही ठरावीक सुरांवरच, तर फिरणाऱ्या भागांना दोष देऊ नका. पेटीतलं काहीतरी त्या सुराला थरथरतंय, किंवा ड्रायव्हरच्या पडद्याला इजा झाली आहे. त्याकडे शेवटी येऊ.

दुसरी पायरी: मोजा

या पायरीवर जितका वेळ द्याल तितका पुढे वाचेल.

भोंग्याच्या एका तोंडाच्या कडेला पांढऱ्या कागदी टेपचा लहानसा तुकडा चिकटवा. ड्रमवरही एक खूण करा. स्पीकर संथ गतीत सोडा आणि घड्याळ लावून ३० सेकंदांत टेप किती वेळा समोरून जाते ते मोजा. मग डोळे मिटून तेवढ्याच वेळात टकटक किती होते ते मोजा. भोंगा साधारण २४-२५ वेळा जाईल, ड्रम २० च्या आसपास.

टकटक भोंग्याच्या फेऱ्यांइतकी भरली तर दोष भोंग्यात, ड्रमच्या फेऱ्यांइतकी भरली तर ड्रममध्ये. भोंग्याच्या दुप्पट भरली तर त्याची दोन्ही तोंडं कशाला तरी घासताहेत. वरच्या कप्प्यात लोंबणारी वायर किंवा आत वाकलेली मागची फळी असते बहुतेकदा. आणि मोजताच येणार नाही इतका भरभर आवाज असेल तर तो मोटरच्या दांड्याचा, पुलीचा किंवा संथ मोटरला जलद मोटरशी जोडणाऱ्या छोट्या रबरी टायरचा.

आता राहिली ती परिस्थिती ज्यात टकटक कशाशीच जुळत नाही. माझ्याकडच्या एका स्पीकरमध्ये असंच होत होतं. भोंगा ३० सेकंदांत २४ वेळा जायचा आणि टकटक व्हायची १४ किंवा १५ वेळा. मी टेपवर नजर ठेवून बसलो. एकदा टक् झालं तेव्हा टेप समोर होती, पुढच्या वेळी डाव्या कोपऱ्यात, त्यापुढे पाठीमागे. म्हणजे आवाज भोंग्यावर कुठेही बसलेला नव्हता, तो सरकत होता. असं सरकणारं तिथे एकच असतं, पट्टा. पुलीच्या घेरापेक्षा पट्टा लांब असतो, म्हणून भोंग्याच्या एका फेरीत पट्ट्याची फेरी पूर्ण होत नाही. वीज तोडून पट्टा चिमटीतून हळूहळू फिरवत नेला, तर जोडापाशी नखाला लागेल न लागेल असा टणक फुगवटा हाताला आला. तो फुगवटा मोटरच्या लहान पुलीवरून जायचा तेव्हा टक् व्हायचं. पट्टा बदलला आणि टकटक गेली. त्याआधी मी त्या भोंग्याच्या बेअरिंगला दोनदा तेल दिलेलं होतं.

तिसरी पायरी: संथ आणि जलद यांची तुलना

असमतोल असलेल्या वस्तूचा धक्का वेगाच्या वर्गाने वाढतो. भोंगा ५० फेऱ्यांवरून ४०० वर गेला, म्हणजे वेग आठपट झाला, की तोच असमतोल चौसष्टपट धक्का देतो. म्हणूनच संथ गतीत काहीच जाणवत नसेल आणि जलद गतीत पेटी थरथरत असेल तर पहिला संशय असमतोलावर घ्यायचा. याउलट दोन्ही वेगांत तीच खरखर येत असेल आणि वेगाबरोबर ती नुसती भरभर होत असेल तर बेअरिंग किंवा घासणं. फक्त संथ गतीत त्रास असेल तर संथ मोटर आणि तिचा टायर. फक्त वेग बदलताना चिरचिर होत असेल तर पट्टा घसरतोय.

जलद थरथरीसाठी काही उघडण्याआधी पेटी हलवून बघा. चारही पाय किंवा चाकं जमिनीला नीट टेकली आहेत का? एक पाय अधांतरी असेल तर निरोगी स्पीकरसुद्धा थडथडतो. पेटीवर ठेवलेल्या वस्तू उचलून ठेवा. हे करायला मिनिट लागत नाही आणि याने सुटलेली दुखणी मी बरीच पाहिली आहेत.

पट्टा काढून बघणं

आता वीज तोडा आणि वरच्या भोंग्याचा पट्टा काढा. पुन्हा वीज देऊन मोटर एकटी चालवा. आवाज तसाच असेल तर तो मोटरचा. गेला असेल तर भोंग्याचा किंवा पट्ट्याचा. मग वीज तोडून भोंगा हाताने हळूच फिरवा. चांगला भोंगा बराच वेळ फिरत राहतो आणि हळूहळू, गुळगुळीतपणे थांबतो. मध्येच अडखळून थांबला, किंवा दर वेळी एकाच जागी मंदावला, तर तिथे काहीतरी घासतंय.

एक लाकडी दांडा घ्या, हातभर लांबीचा. एक टोक बेअरिंगच्या धारकावर टेकवा आणि दुसरं कानामागच्या हाडाला लावा. भोंगा हाताने फिरवताना वाळू चुरडल्यासारखी कचकच लाकडातून थेट ऐकू येईल. मोटर चालू असताना हा दांडा फक्त मोटरच्या स्थिर पट्टीवर टेकवायचा, फिरणाऱ्या भागाच्या जवळपासही न्यायचा नाही.

खालच्या ड्रमलाही हीच चाचणी. तिथे पट्टा ताणून धरणारी स्प्रिंगची भुजा असते. पट्टा काढताना ती कशी बसलेली आहे त्याचा फोटो काढून ठेवा.

भोंगा

बुडाशी आणि वर आडव्या पट्टीत अशा दोन जागी भोंगा टेकलेला असतो. पुली बुडाशीच असते. हब, म्हणजे भोंग्याचा मधला गाभा, दोन बोटांत धरून अगदी हलकं मागेपुढे करून बघा. किंचित ढिलाई चालते, ठक्क असा आवाज येईल इतकी नको. वरच्या बेअरिंगला तेलाचा एक थेंब पुरतो. बुडाशी ड्रायव्हरच्या नळीवर भोंगा घासत असेल तर खर्र असा आवाज फेरीला एकदा येतो. बहुतेक वेळा तिथली फेल्टची किंवा रबराची चकती झिजलेली किंवा सरकलेली असते.

समतोलाची पहिली तपासणी डोळ्यांची. तोंडांवर आवाज पसरवणारे छोटे टोपणासारखे डिफ्लेक्टर असतात. एक आहे आणि एक नाही, असं असेल तर थरथरीचं कारण समोरच आहे. काहीजण आवाज तिखट व्हावा म्हणून ते काढतात. काढायचेच तर दोन्ही काढा. डिफ्लेक्टर जागेवर असूनही त्याचा डिंक सुटलेला असू शकतो, म्हणून बोटाने हलवून बघा. भोंग्याच्या नळीला तडा गेला आहे का तेही टॉर्च तिरका धरून पाहा.

डोळ्यांना काही दिसलं नाही तर वजनाची तपासणी. इथे बरेचजण फसतात. भोंगा जागेवर ठेवून, पट्टा काढून, तो कुठल्या बाजूला येऊन थांबतो ते बघत बसतात. भोंग्याचा आस उभा असल्याने जड बाजू खाली येण्याचा प्रश्नच नाही, भोंगा कुठेही थांबेल. समतोल तपासायचा तर भोंगा उतरवून त्याचा आस आडवा धरावा लागतो, दोन टोकांना मोकळा फिरेल असा. मग जड बाजू दर वेळी खाली येते. हलक्या बाजूला कापडी टेपचा लहान तुकडा लावायचा, पुन्हा सोडायचा, आणि भोंगा कुठल्याही स्थितीत थांबायला लागेपर्यंत टेप कमीजास्त करायची. वजन म्हणून नाणं किंवा नट वापरू नका. जलद गतीत सुटलं तर ते गोळीसारखं जातं.

ड्रम

ड्रम जड आणि मोठा, म्हणून त्याचा धक्का जमिनीतून पायाला जाणवतो. पेटीच्या खालच्या भागावर तळहात ठेवा, मग वरच्या भागावर. थरथर कुठे जास्त आहे त्यावरूनच वरचा का खालचा हे समजतं.

ड्रमच्या तोंडावर ताणलेलं पातळ कापड इथे नेहमीचा गुन्हेगार. ते सैल झालं की जलद गतीत फडफड होते, सुटलं की पेटीच्या आतल्या भिंतीला पटपट मारतं. कापड ताणून पुन्हा चिकटवलं की भागतं. ड्रमला दांड्याशी पकडणारा स्क्रू सैल झाला असेल तर वेग बदलताना 'ठप्' असा एकच आवाज येतो आणि मग शांतता. ड्रम हाताने धरून दांडा हलतो का ते बघा. ड्रमची बेअरिंगं खरखरत असतील तर तेलाने महिनाभर बरं वाटेल आणि आवाज परत येईल. बॉल बेअरिंग झिजलं की ते बदलायचंच.

मोटरांची जोडी

या स्पीकरचा हाच भाग मला सगळ्यात देखणा वाटतो. जलद मोटर पुली सरळ फिरवते. संथ मोटर तिच्याशी एका छोट्या रबरी टायरने जोडली जाते. संथ मोटरला वीज मिळाली की चुंबकक्षेत्र तिचा दांडा ओढून घेतं आणि टायर जलद मोटरच्या चाकाला टेकतो. वीज गेली की स्प्रिंग त्याला मागे सारते. वेगळा क्लच नाही, लिव्हर नाही.

यावरून दुखणी आपोआप ओळखता येतात. टायर कडक होऊन एका बाजूने चपटा झाला असेल तर फक्त संथ गतीत भरभर थुप-थुप येते. टायर मागे सरतच नसेल तर जलद गतीत चिरचिर येते आणि रबराचा काळा भुगा खाली पडलेला दिसतो. दांड्यावरचं जुनं तेल डिंकासारखं झालं की असं होतं, तेव्हा दांडा साफ करायचा. टायर टेकायचा-सुटायचा असा तडतडत असेल तर संथ मोटर जागेवरून सरकली आहे किंवा तिचं तेल सुकलंय. टायरला तेल लागलं असेल तर तो घसरतो, मग भोंगा संथ गतीत धक्के खात फिरतो. नवा टायर बसवण्याआधी ज्या चाकाला तो टेकतो ते कोरड्या फडक्याने नीट पुसून घ्या.

मोटरा रबरी ग्रोमेटवर, म्हणजे रबरी कड्यांवर, टांगलेल्या असतात. वर्षांनुवर्षांनी रबर दगडासारखं होतं आणि मोटरची साधी गुणगुण फळीत उतरून अख्खी पेटी भुणभुणते. चालू मोटरच्या पट्टीला कोरड्या लाकडी दांड्याने किंचित दाबून बघा. भुणभुण बदलली किंवा थांबली तर ग्रोमेट बदलायची वेळ झाली आहे. ग्रोमेट बदलताना मोटरच्या वायरी सैल ठेवा. ताणलेली वायरसुद्धा थरथर पेटीत पोचवते.

मोटरच्या वायरी अँप्लिफायरवर प्लगने बसत असतील तर काढण्याआधी प्रत्येकीला चिठ्ठी लावा. अदलाबदल झाली की संथ म्हटल्यावर जलद फिरतं आणि नसलेला दोष शोधण्यात संध्याकाळ जाते.

तेल, आणि किती

हलकं, डिटर्जंट न मिसळलेलं यंत्राचं तेल घ्या, एसएई २० (तेलाच्या दाटपणाचा दर्जा) च्या आसपासचं. गाडीच्या इंजिनाचं नको, खाण्याचं तर मुळीच नको. गंज सोडवणारे फवारे बेअरिंगमधलं उरलंसुरलं तेल धुऊन नेतात. दोन दिवस शांतता मिळते आणि मग आवाज आधीपेक्षा वाढतो.

मोटरच्या ब्राँझच्या बेअरिंगभोवती फेल्ट असतं, ते तेल धरून ठेवतं आणि लागेल तसं सोडतं. फेल्टवर दोन-तीन थेंब टाका, रात्रभर जिरू द्या, सकाळी पुन्हा बघा. जास्तीचं तेल पट्ट्यावर आणि टायरवरच जातं.

पट्ट्याचा ताणही असाच बेताचा हवा. फार घट्ट पट्टा बेअरिंगला एका बाजूला खेचून घरघर लावतो, सैल पट्टा वेग घेताना चिरचिरतो. वरच्या मोटरचे स्क्रू सैल करून ती किंचित सरकवता येते. भोंगा एक-दोन सेकंदांत, न चिरचिरता पूर्ण वेग घेतो, इतकाच ताण ठेवा. ड्रम जड असल्याने त्याला काही सेकंद जास्त लागतात, त्यात दोष नाही.

ठरावीक सुरांवरची किणकिण

मधल्या पट्टीचा एकच स्वर धरा, पेडलने आवाज वाढवा आणि एकेक स्वर खाली उतरत जा. एखाद्या सुरावर किणकिण लागली की तो तसाच धरून ठेवायला कुणाला तरी सांगा आणि तुम्ही तळहाताने पेटी चाचपा. मागच्या फळ्या, झिलमिलींच्या पट्ट्या, हँडल, सैल स्क्रू. जिथे हात ठेवल्यावर किणकिण थांबते तीच जागा. फळी आणि चौकट यांच्यामध्ये फेल्टची पट्टी चिकटवली की बहुतेक प्रश्न मिटतात. झिलमिलीची पट्टी सैल असेल तर लाकडाच्या डिंकाचा एक थेंब पुरतो.

सगळीकडे हात ठेवूनही आवाज हटत नसेल आणि वरच्या सुरांना फाटल्यासारखी कड येत असेल तर ट्रेबल ड्रायव्हरचा पडदा तपासून घ्यावा लागेल. खालच्या सुरांना खरखर असेल तर १५ इंची स्पीकरची व्हॉइस कॉइल, म्हणजे कागदामागचं तारेचं वेटोळं, घासत असेल. वीज तोडून कागदाला चार बोटांनी सारखा, अगदी हलका दाब द्या. खरवडल्यासारखं लागलं तर तेच.

जे आवाज राहणारच

जलद गतीत भोंगा हवा कापतो, त्याची मऊ सूं-सूं येणारच. वेग बदलताना रिलेची, म्हणजे मोटरांची वीज बदलणाऱ्या स्विचची, बारीक टिक येते. मागची फळी उघडी असताना हे सगळं जास्तच ऐकू येतं, म्हणून शेवटचा निकाल सगळ्या फळ्या, सगळे स्क्रू लावून झाल्यावरच द्या. मात्र रिलेची टिक स्पीकरमधून फटाक्यासारखी वाजत असेल तर ते तंत्रज्ञाला दाखवा.

दुरुस्तीनंतर स्पीकर तासभर चालवा, पंधरा-वीस वेळा वेग बदला आणि मग वीज तोडून मोटरांना हात लावून बघा. त्या कोमट-गरम असतातच. एक दुसरीपेक्षा बरीच जास्त तापली असेल तर तिच्या बेअरिंगमध्ये अजून तेल पोचलेलं नाही, किंवा पट्टा घट्ट आहे. नवा पट्टा पहिल्या आठवड्यात थोडा ताणला जातो, तेव्हा आठ दिवसांनी ताण पुन्हा एकदा तपासा. भोंग्यावरची पांढरी टेपही तोपर्यंत राहू द्या.